विहीणबाईंनी बोट विकली

आपण दिलेली पैठणी विहीणबाईंनी वर्षाच्या आत दुसऱ्याच बाईला देऊन टाकली, हे देवयानीला कळलं तेव्हा ती लंडनच्या एजवेअर भागातल्या भाजीवाल्याकडे भेंड्यांची टोकं मोडून बघत होती. फोनवर लेक होती, इंग्लंडात वाढलेली तनिषा, केंब्रिजहून. तिनं ते इतक्या सहज सांगितलं की जणू काही गाडी दहा मिनिटं उशिरा आहे.

"आई, व्हेरानं तो साडी दिला ना, तिच्या कझिनच्या बायकोला. मोठा फीस्ट होता. सगळ्यांना खूप आवडला."

"कुठली साडी?"

"तो पर्पल. पीकॉकवाला."

देवयानीनं पुढची भेंडी मोडली ती टोकाशी नाही, मधोमध. भाजीवाल्यानं मान वर केली. तिनं तीही भेंडी मुकाट्यानं पिशवीत टाकली. असं ती एरवी कधी करत नसे, यावरून धक्का किती होता ते समजावं.

साधी पैठणी नव्हती ती. ती परतफेड होती. २००४ साली तनिषाचं लग्न झालं, तेव्हा मांडवातच विहीणबाईंनी, म्हणजे जावयाच्या आईनं, व्हेरानं, देवयानीचा हात धरला आणि चांदीचं रुंद कडं चढवलं. त्यावर कसलासा मासा की पक्षी कोरलेला. आणि लेकीच्या सासरचं काही ठेवून घ्यायचं नाही, हा देवयानीच्या माहेरचा कायदा. तिच्या आईनं तर नातवंड होईपर्यंत लेकीच्या घरचं पाणी प्यायलं नव्हतं. देवयानी चहा प्यायची, कारण तीस वर्षं इंग्लंडात काढल्यावर एवढी ढील द्यावीच लागते. पण वस्तू म्हणाल, तर चमचाभरसुद्धा उपकार अंगावर राहू द्यायची नाही. संध्याकाळच्या आत भाचीसाठी राखलेली पैठणी व्हेराच्या हातात गेली आणि देवयानी रात्री शांत झोपली. फिट्टंफाट.

आणि आता ती पैठणी पार पॅसिफिकच्या काठावर, कुण्या मासे धरणाऱ्याच्या बायकोच्या अंगावर!

"अहो, विकली असती तरी समजले असते मी," ती घरी येऊन नवऱ्याला म्हणाली. "दिली? नुसतीच?"

यतीननं पेपर खाली केला. जावई वेस्ली हा कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या मूळ रहिवाशांपैकी, केंब्रिजला माशांवर संशोधन करायला आलेला. "शेवटी जावई इंडियनच मिळाला" हा विनोद यतीननं लग्नापासून प्रत्येक पार्टीत केला होता आणि प्रत्येक वेळी तनिषा खोलीतून उठून गेली होती. आता मात्र तो एवढंच म्हणाला, "त्यांच्यात चांगली वस्तू ठेवत नसतील."

"मग वाईट ठेवतात?"

यतीनचा पेपर पुन्हा वर गेला.

*

२००७ च्या वसंतात तनिषाला मुलगी झाली. बारशाचं देवयानीनं ठरवलं, रेवा हे नाव तनिषानं ठरवलं, आणि तेवढ्यात कॅनडाहून निरोप आला की व्हेराही बाळाला एक नाव देणार आहे.

वेस्ली ते समजावून सांगायला मुद्दाम एजवेअरला आला. जेवणाच्या टेबलाशी बसून तो सावकाश इंग्रजीत बोलला, जसा तो नेहमी बोले, मध्येमध्ये एवढा थांबत की देवयानीला त्याचं वाक्य आपणच पुरं करावंसं वाटे.

"नाव माझ्या पणजीचं आहे," तो म्हणाला. "ती गेल्यापासून कुणालाच दिलेलं नाही. आईकडे राखलेलं आहे. आई आता आजारी असते. तिनं ते द्यायचं राहिलं तर तिच्याबरोबरच जाईल."

"मग द्या ना," देवयानी म्हणाली. "बारशाच्या दिवशीच द्या. आमच्यात दोन नावं चालतात. पाळण्यातलं एक, व्यवहारातलं एक."

"नुसतं देऊन होत नाही. लोकांनी बघावं लागतं. आमच्या गावात सगळ्यांना बाळ कुणाचं ते ठाऊक आहे. इथे तनिषाची माणसं आहेत. त्यांनी बघितलं पाहिजे, म्हणून आई इकडे येतेय. जेवण घालेल आणि आलेल्यांना वाटेल. पॉटलॅच म्हणतात त्याला. हे छोटंसंच."

"रिटर्न गिफ्ट," देवयानीनं आपल्या भाषेत नोंद केली. "म्हणजे पेन, डबी, असलं काहीतरी ना?"

वेस्ली थांबला. "आईनं बोट विकलीय," तो म्हणाला.

देवयानीच्या हातातला वरणाचा डाव तसाच राहिला. बोट म्हणजे व्याह्यांची मासेमारीची बोट. व्याही गेल्यावर व्हेरा ती भाड्यानं देऊन त्यावर गुजराण करत होती.

"कशासाठी?"

"वाटण्यासाठी."

त्या रात्री देवयानीनं यतीनला हलवून उठवलं नाही, कारण तो आधीच जागा होता. जेवण झाल्यापासून ती बोलतच होती. "डोकं फिरलंय का त्या बाईचं? तीसेक घरं आहेत आपली. सगळे घर-गाडीवाले. सतीशकडे तीन टीव्ही आहेत. त्यांना ही विधवा बाई बोट विकून भेटी देणार आणि मुलीकडचे म्हणून आपण हात पुढे करून उभे राहणार? लोक काय म्हणतील? म्हणतील, देवयानीनं विहिणीला लुबाडलं."

"मग?"

"मग काय? कुणी काही घ्यायचं नाही."

आणि तिनं फोन हातात घेतला. देवयानीनं मनावर घेतलं की महाराष्ट्र मंडळाची निवडणूकही एका आठवड्यात फिरायची, हे तर साधं काम होतं. घराघरात निरोप गेला: त्या बाई काही हातात ठेवतील. हसायचं, नमस्कार करायचा आणि गोडीत परत द्यायचं. लहान मुलांनाही सांगून ठेवा. उरलेलं सामान दुकानात परत करता येईल, विहीणबाईंचे चार पैसे वाचतील.

"चांगलं असेल तरी?" मंजिरीनं विचारलं. मंजिरी ही देवयानीची सर्वांत जुनी मैत्रीण, आणि सर्वांत जुनी मैत्रीण असल्यामुळे तिच्याकडे सर्वांत बारीक लक्ष असणारी.

"चांगलं असेल तर आधी परत करायचं."

"बघ हं. नंतर म्हणशील, मंजिरीनं माझ्या विहिणीचा अपमान केला."

"नकोच म्हणण्यात कसला अपमान? चांगल्या घरातली माणसं नकोच म्हणतात."

*

ऑगस्टातला शनिवार. शाळेचा हॉल भाड्यानं घेतलेला. सकाळी बारसं झालं, पाळणा म्हटला, घुगऱ्या वाटल्या, रेवा एकदाही रडली नाही. व्हेरा, तिचा भाऊ क्लॅरन्स आणि दोन पुतण्या पहिल्या रांगेत बसून सगळं डोळे भरून बघत होते. व्हेरा देवयानीपेक्षा उंच, खांद्यानं रुंद, चालताना मात्र धाप लागणारी. तिनं बाळाच्या कानाजवळ वाकून काहीतरी म्हटलं. देवयानी त्या वेळी केटररशी वांग्याच्या भाजीवरून बोलत होती.

दुपारी व्हेराची पाळी. हॉलचं दुसरं दार उघडलं आणि एजवेअरचं मराठी मंडळ आ वासून उभं राहिलं.

अख्खी भिंत सामानानं भरलेली. लोकरीची ब्लँकेटं, एकावर एक, छातीइतकी. टॉवेल, कपड्यांच्या टोपल्या, काचेचे बाऊल, केटल. ब्रेंट क्रॉस मॉलची दुकानं रिकामी केल्यासारखी. आणि पुढे टेबलावर बरण्याच बरण्या, व्हेरानं स्वतः धरलेल्या आणि स्वतः भरलेल्या सामन माशाच्या. त्या हिथ्रोवरून कशा सुटल्या ते त्या माशांनाच माहीत.

"अगं बाई," कुणीतरी म्हणालं. "हे लग्नाचं आहे की बारशाचं?"

"नाही हं," देवयानी दातांतून पुटपुटत रांगांमधून फिरली. "लक्षात आहे ना? नाही."

क्लॅरन्सनं ढोल वाजवला. काळ्या-लाल ब्लँकेटवर शिंपल्याची बटणं लावलेलं वस्त्र पांघरून व्हेरा उभी राहिली. तिनं बाळाला उचललं आणि ते नाव मोठ्यांदा घेतलं. ते नाव इथे लिहिता येणार नाही. ते त्या घराचं आहे, आणि गोष्ट सांगणाऱ्याला ते मिळालेलं नाही. चार वेळा तिनं ते घेतलं. मग क्लॅरन्सनं पहिल्या पाहुण्याला बोलावलं. वयानं सर्वांत मोठ्या म्हणून यमुनाताई.

यमुनाताई पुढे गेल्या. व्हेरानं त्यांच्या हातांवर ब्लँकेट ठेवलं, वर एक बरणी. यमुनाताईंनी गोड हसून, मान तिरकी करून दोन्ही वस्तू टेबलावर परत ठेवल्या. "नको हो, कशाला उगाच. बाळाला आशीर्वाद आहेच." आणि नमस्कार करून जागेवर आल्या.

व्हेराला वाटलं, म्हाताऱ्या बाईंना ओझं झालं. तिनं पुतणीला खूण केली की नंतर नेऊन दे.

दुसरा सतीश. त्यानं "थँक यू, थँक यू, रिअली, नो नीड" म्हणत केटल परत केली. तिसरी सतीशची सून. तिनं टोपली उचलून परत जागेवर, होती तशी, कडा जुळवून ठेवली. चौथी मंजिरी. तिच्या हातावर करडं, मऊ, भारी ब्लँकेट आलं. तिची बोटं त्यात क्षणभर रुतली, हे देवयानीनं लांबूनही टिपलं. मग मंजिरीनं देवयानीकडे एक नजर टाकली, बघ, तुझ्यासाठी करतेय, अशी, आणि ब्लँकेट परत दिलं.

पाचव्याला क्लॅरन्सनं बोलावलंच नाही. तो बहिणीकडे बघत राहिला.

देवयानीला आपल्या माणसांचं कौतुक वाटत होतं. किती सभ्य, किती एकजूट! तेवढ्यात तिनं व्हेराचा चेहरा पाहिला. तो संतापला नव्हता. रक्त उतरल्यासारखा झाला होता. बाळ धरलेला हात तिनं जवळ घेतला, कुणी हिसकावून नेईल अशा भीतीनं, आणि खुर्चीच्या पाठीला धरून ती खाली बसली.

तनिषा हॉल ओलांडून धावतच आली.

"आई! तू त्यांना सांगितला?"

"अगं, त्यांचं नुकसान नको म्हणून..."

"आई, घेतला म्हणजे ऐकला! घेतला नाही म्हणजे तिला नाव नाही! तू माझ्या बाळाचा नाव परत केला!"

"असं कुठे असतं का?"

"वेस्लीनं तुला सांगितला होता. लोकांनी बघायला पाहिजे."

"बघितलं की! सगळ्यांनी बघितलं! डोळे काय झाकले होते?"

आता वेस्ली आला. तो नेहमीसारखा थांबतथांबत बोलला नाही. "भेट म्हणजे साक्षीचा मोबदला," तो म्हणाला. "ती घेतली की माणूस बांधला जातो. उद्या कुणी विचारलं, ही मुलगी कोण, हे नाव हिला कुणी दिलं, तर त्यानं उभं राहून सांगायचं. परत केली म्हणजे तो सांगतोय, मी काही बघितलं नाही. आतापर्यंत चार जणांनी सगळ्यांसमोर तसं सांगितलंय."

देवयानीच्या पायांखालची फरशी तशीच होती, पण तिला तिचा भरवसा वाटेना. ती व्हेराकडे गेली. काय बोलावं ते ठरलं नव्हतं, आयुष्यात पहिल्यांदा.

व्हेराच आधी बोलली. आवाज अगदी साधा.

"आमच्याकडे सरकारनं हे बंद केलं होतं. साठपासष्ट वर्षं. द्यायला बंदी. माझे आजोबा द्यायच्या गुन्ह्याखाली तुरुंगात गेले. तरी लोक देत राहिले, लपूनछपून, हिवाळ्यात, वादळात, कारण घेणारे येत होते." तिनं भिंतीला लागलेल्या ढिगाकडे पाहिलं. "घेणारेच नाहीत, असं मी आज पहिल्यांदा बघतेय."

देवयानीनंही त्या ढिगाकडे पाहिलं. मागे केटररच्या पोरानं पातेलं आपटलं, कुणी त्याला श्श केलं. आपण चांगुलपणा केला होता. मोजूनमापून, फोनावर फोन करून केला होता. आणि या बाईच्या आजोबांना तुरुंगात टाकणाऱ्यांना जे जमलं नाही, ते आपण तीस घरांच्या मदतीनं एका दुपारी करून दाखवलं.

"मी सांगते सगळ्यांना, परत घ्या म्हणून," ती कशीबशी म्हणाली.

क्लॅरन्सनं मान हलवली. "ज्यानं परत केलं त्याला तेच पुन्हा कसं द्यायचं? आधी झालेलं पुसायला हवं."

"कसं पुसतात?"

"आमच्यात कुणी अडखळलं, चुकीचं बोललं, तर तो देतो. ज्यानं चूक केली तो. सगळ्यांसमोर, स्वतःचं."

"काय देतात?"

"असेल ते. पण देताना जिवाला लागलं पाहिजे. नाहीतर पुसलं जात नाही."

देवयानीनं हातांतल्या पाटल्यांकडे पाहिलं. त्या दोन होत्या, माणसं ऐंशी. मग ती यतीनकडे वळली, आणि तिच्या तोंडून जे निघालं ते ऐकून यतीन मटकन खुर्चीवर बसला.

"अहो, माळ्यावरचं सगळं घेऊन या."

"सगळं?"

"सगळं. सतीशभावजींची व्हॅन न्या."

"देवयानी, त्याच्यावर नावं आहेत."

"माहितीय मला."

*

आता माळ्यावर काय होतं ते सांगायला हवं. तीस वर्षांत या घराला जे जे आहेर आले, त्यातलं निम्मंशिम्मं तिथे होतं, घडी न मोडलेलं. योग्य वेळी योग्य घरी फिरवण्यासाठी राखलेलं. कुणाचं कुणाकडे जाता कामा नये हे देवयानीच्या डोक्यात पक्कं होतं, आणि तिच्या हातून आजवर एकदाही घोटाळा झाला नव्हता. साड्या, चादरी, लेमन सेट, आणि मुंबईहून आलेली स्टीलची भांडी, ज्यांच्या पोटावर देणाऱ्याचं नाव ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं असतं.

व्हॅन आली. पोरांनी सामान आत आणलं. हॉलमध्ये आधी कुजबुज झाली, मग तीही थांबली. कारण बायका आपापलं ओळखू लागल्या होत्या.

"ती चादर मी दिलेली," मागून एक दबका आवाज. "तनिषाच्या पाचव्या वाढदिवसाला."

"तो लेमन सेट आमचा! अजून रिबनसकट!"

"म्हणजे हिनं काहीच वापरलं नाही?"

देवयानीचे कान पेटले होते. बोट विकणं परवडलं असतं. ती माईकपाशी गेली आणि मराठीत बोलली, कारण इंग्रजीत तिला रडू आवरलं नसतं.

"मी तुम्हाला चुकीचं सांगितलं. तुमचा दोष नाही, माझा आहे. माझ्या नातीच्या नावाला मी आडवी आले. ते पुसायला मी हे देतेय. कुणाचं कुणाला जाईल ते मी बघणार नाही. फक्त कुणी नको म्हणू नका. हसायचं असेल तर हसा, पण घ्या."

आणि ती देत सुटली. यमुनाताईंना साडी गेली. त्यांनी पदर उलटून बघितला, ओळखला, आणि काही न बोलता मांडीवर ठेवली. सतीशला चादर. सुनेला लेमन सेट. एकेका वस्तूबरोबर देवयानीच्या डोक्यातली एकेक तार तटकन तुटत होती, कारण अमक्याचं तमक्याकडे चाललं होतं आणि सगळा क्रम बिघडत होता.

मंजिरीपाशी ती आली तेव्हा हातात पितळी झाकणाचा मोठा डबा होता. तिनं तो बघून उचलला नव्हता. पोटावर स्पष्ट अक्षरं: सौ. मंजिरी हिजकडून सप्रेम, १९८८.

मंजिरीनं वाचलं. पुन्हा वाचलं. अख्खा हॉल दोघींकडे बघत होता, व्हेरासुद्धा. मंजिरी नको म्हणाली असती तर तिला कुणी नावं ठेवली नसती.

"एकोणीस वर्षं," मंजिरी म्हणाली.

"हो."

"मला सांगितलंस, रोज वापरते म्हणून. पोहे ठेवते म्हणालीस."

"हो गं."

"मी दोनदा विचारलं होतं."

"मंजू, घे."

मंजिरीनं नाक ओढलं. डबा घेतला, झाकण उघडून आत बघितलं. आत मुंबईच्या दुकानाचा पेपर तसाच. "निदान पोहे तरी भरून द्यायचेस," ती म्हणाली, आणि डबा तिनं पोटाशी धरला.

मागे कुणीतरी फुसकन हसलं. मग यमुनाताई हसल्या. मग सगळेच. व्हेराला तनिषानं कानात सांगितलं, डब्यावर काय लिहिलंय ते, आणि व्हेराचे डोळे विस्फारले. तिनं देवयानीकडे अशा नजरेनं पाहिलं, की त्या नजरेत काय होतं ते देवयानीला पुढे कित्येक दिवस उलगडलं नाही. कीव नव्हती, एवढं नक्की.

माळा रिकामा झाला. क्लॅरन्सनं बहिणीकडे पाहिलं, बहिणीनं होकार दिला, आणि ढोल पुन्हा वाजला.

या वेळी पहिलं नाव यमुनाताईंचं आलं नाही. "बाळाच्या आईची आई," क्लॅरन्सनं पुकारलं.

देवयानी पुढे गेली. व्हेरानं स्वतःच्या खांद्यावरचं बटणांचं वस्त्र काढलं आणि तिला पांघरलं. ते चांगलंच जड होतं. तीस वर्षांची सवय देवयानीच्या ओठांपर्यंत आली आणि तिनं ती गिळली.

"तुम्ही पहिल्या साक्षीदार," व्हेरा म्हणाली. "आता लोकांकडे वळा आणि ती कोण आहे ते सांगा. नाव घ्या."

देवयानी वळली. तोंड उघडलं. काहीच आलं नाही.

कारण नाव तिला माहीतच नव्हतं. गेले तीन महिने तिनं बोटीची चिंता केली, पाहुणे मोजले, ब्लँकेटांचा अंदाज बांधला, कोण काय म्हणेल याचा विचार केला. आणि बाळाचं नाव काय, हे कुणाला एकदाही विचारलं नव्हतं. व्हेरानं चार वेळा उच्चारलं तेव्हा ती रांगांमधून फिरत सगळ्यांना नाही, नाही म्हणत होती. यमुनाताईंनी ऐकलं होतं. मंजिरीनं ऐकलं होतं. केटररच्या पोरानंसुद्धा ऐकलं असेल. आजीनं नाही.

हा धक्का मात्र तिनं कुणाला दाखवला नाही. ती व्हेराकडे झुकली. "परत सांगा," ती हळूच म्हणाली. "मी ऐकलं नव्हतं."

व्हेरानं ते तिच्या कानात सांगितलं. घशातून सुरू होऊन जिभेच्या कडेनं सुटणारा आवाज. देवयानीनं प्रयत्न केला. क्लॅरन्सनं मान हलवली. पुन्हा केला. तनिषानं खालून ओठ हलवून दाखवले, आणि तिचे डोळे अजून ओले असले तरी ती आता आईकडेच बघत होती.

तिसऱ्यांदा देवयानीनं नाव घेतलं, मोठ्यानं, शाळेच्या त्या हॉलच्या पार मागच्या भिंतीपर्यंत. मग ते घेऊन झाल्यावर तिनं व्हेराच्या हातातून बाळ घेतलं आणि क्लॅरन्सला म्हणाली, "बोलवा पुढच्यांना. कोण नको म्हणतंय ते बघतेच मी."